टॉवेल टाकलेली खुर्ची

हसायचं तर तुम्ही हसणारच आहात, तेव्हा आधी हातातला चहा संपवा. ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. माझ्या हातून जी फजिती झाली ना, ती बघून माझी सख्खी आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. पदराआड ती रडत होती की हसत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

तर आमचं गाव अर्धापूर. अर्धापूर म्हणजे केळी. शेतात केळी, दारात केळी, परत जाणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत केळी. भाव पडला की हेच घड जनावरांपुढं जातात. मी अन्नतंत्रज्ञान शिकून घरी आले आणि ठरवलं, आपण कच्च्या केळीचं पीठ करायचं. उपवासाचं थालीपीठ, धिरडं, लेकरांची खीर, सगळं होतं त्याचं. धंदा थाटला आमच्या घराला लागूनच असलेल्या तात्यांच्या शेडमध्ये.

तात्या म्हणजे माझे चुलते. एकेकाळचे सरपंच. सरपंचपद जाऊन जमाना झाला, पण सवय काही जात नाही. अजूनही त्यांच्या कपाटात शाली आणि फेटे तयार असतात. कोण कधी येईल आणि कुणाचा सत्कार करावा लागेल, सांगता येतं का?

शेड त्यांनी दिला तो एका बोलीवर. म्हणाले, "हळद निघंपर्यंत वापर. त्याच्यानंतर मला हळद ठेवायला लागतो. तवर तुझं जमलं तर जमलं, न्हाईतर गुमान नौकरी बघ."

आणि माझं जमत नव्हतं. पिठाला मागणी होती, पण ड्रायर एवढासा. तोही दुपारी व्होल्टेज पडलं की मान टाकायचा. मोठा ड्रायर घ्यायचा तर पैसा कुठून आणायचा? हळद तर शेतात हिरवीगार होऊन राहिली होती. लोकांना पीक वाढलेलं बघून आनंद होतो, मी मात्र दिवस मोजत बसायचे.

अशात फोनवर एक जाहिरात दिसली. शेतमालापासून खायचे पदार्थ करणाऱ्या तरुण बायकांचे धंदे मोठे करायचे, मशीनला पैसा द्यायचा, काही महिने शिकवायचं, मोठ्या दुकानदारांशी गाठ घालून द्यायची, असा एक कार्यक्रम. त्याला म्हणतात अ‍ॅक्सलरेटर.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ते तर जीपला असतंय की, पायाखाली."

"हाव, तेच. पण धंद्याला."

"अन् ब्रेक?"

"ब्रेक म्हणून तात्या हायत की."

अर्जाबरोबर व्हिडिओ पाठवायचा होता. मी त्यात मनातली सगळी मळमळ ओकून टाकली. म्हटलं, माझ्या दारात व्यापारी येतो, बँकेचा माणूस येतो, पॅकिंगवाला येतो. मी समोर उभी असते, अंगात अ‍ॅप्रन, हाताला चीक. आणि प्रत्येक जण माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारतो, मालक कुठं आहेत? समोर तरुण बाई उभी असली की तिच्यात मालक दिसत नाही, हा बघणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले, तुम्ही विसरू नका.

व्हिडिओ त्यांना आवडला. लातूरला मुलाखत झाली. तिथं एकानं विचारलं, "माल वाळवता कसा?" मी ताठ मानेनं सांगितलं, "सगळा ड्रायरमध्येच." आता हे शंभर टक्के खोटं नव्हतं. अर्धा माल ड्रायरमध्ये वाळायचा. उरलेला अर्धा आमच्या गच्चीवर, जाळीच्या कापडाखाली, उन्हात.

पुढची आणि शेवटची पायरी म्हणजे प्रत्यक्ष भेट. मेसेज आला. "आमच्याकडून कदम येतील, निर्णय त्यांचाच असेल. काम नेहमीसारखं चालू ठेवा. खास तयारी नको." नुसतं आडनाव. मी वाचतावाचताच त्याच्यापुढं 'साहेब' लावून टाकलं.

आणि 'तयारी नको' म्हणे. आमच्याकडं पाहुण्याचं 'नको' कुणी खरं धरतं का? जेवून आलोय म्हणणाऱ्यालाच आम्ही ताटावर बसवतो. पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आम्ही वाढायचं, अशीच रीत आहे. जो जास्त नको म्हणतो तो जास्त खानदानी.

तात्यांनी सूत्रं हातात घेतली. शेड धुतला. दाराला केळीचे खांब बांधले, जशी काही ड्रायरची सत्यनारायणाची पूजाच आहे. मधोमध खुर्ची मांडली आणि तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकला. टॉवेल टाकला की खुर्ची साहेबाची होते, हे तर तुम्हाला माहीतच आहे. मी गच्चीवरची ताटं ताडपत्रीखाली झाकली आणि वर आईच्या गोधड्या पसरल्या.

एकच अडचण होती. लग्नसराई. माझ्याकडं कामाला येणाऱ्या बाया सगळ्या एकाच लग्नाला गेलेल्या. रिकाम्या शेडमध्ये साहेबाला काय दाखवणार? मी मुरुडच्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "काळजी करू नको, हितली एक पोरगी लावून देते. हुशार हाय, कायमची ठेवून घे."

सकाळी मी केळी धूत होते, तेवढ्यात एक पोरगी चालत आली. पाठीला सॅक, पायात धुळीनं माखलेले बूट, केसांची एक वेणी.

"अनुजाताईंचा शेड हाच का?"

"हाच. मुरुडची का गं तू?"

"काल मुरुडलाच होते. आज इकडं पाठवलंय."

"मग उशीर कामून केलास?"

"गाडी पंक्चर झाली ताई, नाक्यापासून चालत आले."

झालं. माझी खात्री पटली. तिचं नाव विचारलं नाही. इथं तुम्ही मला बोलू शकता.

ती म्हणाली, "मला सगळं सुरुवातीपासून बघायचंय."

"बघायचं नसतंय, करायचं असतंय. टोपी घाल. हाताला तेल लाव, न्हाईतर चीक जाता जात न्हाई."

ती क्षणभर थबकली, मग हसली. टोपी घातली, हाताला तेल लावलं आणि बसली केळी सोलायला. सुरी धरायची पद्धत बघून मी म्हटलं, "केळीवर राग हाय का तुझा? अर्धा गर सालीबरोबर चाललाय." तिनं मुकाट्यानं सुधारलं. दुसऱ्या घडाला तर हात चांगला बसला. मला बरं वाटलं. मावशीनं पोरगी कामाची पाठवली होती.

सोलतासोलता ती प्रश्न विचारत होती. घड कुणाकडून घेता, उरलेल्या सालीचं काय करता, पीठ किती टिकतं. नवीन माणसाला शिकायची हौस असावी, म्हणून मी सगळं सांगत गेले. आणि सांगतासांगता गाडी उताराला लागली.

"हे बघ," मी म्हटलं, "आज मोठे साहेब येणारेत. त्यांच्यावर सगळं अवलंबून हाय. त्यांनी न्हाई म्हटलं तर हळदीबरोबर माझा बाजार उठला. तर त्यांनी तुला विचारलं तर सांगायचं, मी हितं दोन वर्षं कामाला हाय."

"दोन वर्षं?"

"तोंडावरून शोभतंय तुला. अन् ड्रायर दुपारी बंद पडतो, ते बोलायचं न्हाई. गच्चीचं तर नावच काढायचं न्हाई."

"गच्चीवर काय हाय ताई?"

"अर्धा माल हाय. साहेबांना सांगितलंय, सगळा ड्रायरमध्येच वाळतो."

"म्हणजे खोटं सांगितलंय?"

"खोटं न्हाई गं. अजून खरं व्हायचंय ते."

ती मान खाली घालून केळी सोलत राहिली. तिचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, केळी कडक असतील.

तेवढ्यात गाडी आली. मोठी, पांढरी. आतून एकटेच गृहस्थ उतरले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री, भरघोस मिशा, पोट बेताचं पुढं. स्वतः गाडी चालवत आलेले. मनात म्हटलं, एवढा मोठा माणूस आणि ड्रायव्हरसुद्धा ठेवत नाही, किती साधेपणा.

त्यांनी दारात येऊन विचारलं, "मॅडम हायत का?"

अहो, मला भरून आलं. सांगते खरंच. इतक्या दिवसांत पहिला माणूस, ज्यानं 'मालक कुठंयत' न विचारता 'मॅडम' विचारलं. मी हात जोडले. "मीच. या साहेब, या."

"न्हाई न्हाई, मी साहेब न्हाई," ते म्हणाले.

तात्या माझ्या कानात म्हणाले, "बघ. मोठ्या माणसाची हीच खूण असती."

तात्यांनी त्यांचा एक दंड धरला, मी खुर्ची पुढं केली. ते म्हणाले, "हितं कशाला, मी भाईर गाडीतच बसतो की." आम्ही बसवलं. ते टॉवेलला पाठ लावायला तयार नव्हते, तात्यांनी लावायला लावली. आईनं पोह्यांची बशी आणली. ते म्हणाले, "मॅडमना द्या आदी." आईला एवढं कौतुक वाटलं की तिनं आणखी एक डाव वाढला.

तात्यांनी फेटा काढला. गृहस्थ उठून उभे राहिले, "ओ, मला न्हाई ओ, माझं आयका तरी," म्हणेपर्यंत दोन वेढे बसलेसुद्धा. फेटा बांधताना डोकं हलवता येत नाही, त्यामुळं त्यांना पुढचं बोलता येईना. मग शाल, मग नारळ. नारळ हातात आल्यावर माणूस आपोआप गप्प होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

आता मला काम दाखवायची घाई. मी हाक मारली, "ए, इकडं ये गं. साहेबांना सांग, किती दिवस झाले तू आपल्याकडं?"

ती पोरगी आली. डोक्याला टोपी, हाताला तेल, चीक लागून काळी पडलेली बोटं. त्या गृहस्थांकडं बघून अगदी गरीब तोंड करून म्हणाली, "दोन वर्षं झाली, साहेब."

फेट्याखाली त्यांचे डोळे एवढे मोठे झाले. बघतच राहिले तिच्याकडं. मी घाईनं पुढचं विचारलं, "अन् माल कुठं वाळतो सगळा?"

"सगळा ड्रायरमध्येच," ती म्हणाली. "गच्चीवर तर काहीच न्हाई."

गच्चीचं तुला कुणी विचारलं होतं गं बाई? मी तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी पोरगी रडलीच असती. ही शांतपणे जाऊन परत केळी सोलायला बसली.

साहेबांना घाम फुटलेला. तात्यांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "साहेब, आमच्या शिवारातली लाईटची डीपी जळून किती दिवस झाले. कुणी लक्ष देईना. तुम्ही एक शब्द टाकला तर काम होतंय."

"मी काय करू शकतो ओ?"

"तुम्ही फक्त मनावर घ्या."

"तात्या," मी म्हटलं, "ते डीपीवाले न्हाईत."

"मोठा माणूस मोठाच असतोय. वळख असती त्यांची."

मग तात्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि साहेबांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ऐकायला कोण? आई, मी, ती पोरगी आणि टाळ्यांच्या आवाजानं जमलेले शेजारपाजारचे. गृहस्थ नारळ छातीशी धरून उभे राहिले.

"मी बालाजी. नांदेडला ऱ्हातो. मी ड्रायव्हर हाय."

बास. एवढंच बोलून खाली बसले.

मी तात्यांकडं बघितलं. पण तात्या कसले हार मानतात. ते उठले, म्हणाले, "बगा मंडळी, ह्याला म्हणतेत नम्रपणा. एवढी मोठी संस्था हाकून राहिले, अन् स्वतःला काय म्हणून घेतेत? ड्रायव्हर." आणि पुन्हा टाळ्या.

आता बालाजीरावांचा धीर सुटला. ते हात जोडून, नारळासकट, त्या केळी सोलणाऱ्या पोरीकडं वळले. "ओ कदम मॅडम, तुम्हीच सांगा ना ओ ह्या लोकांना. मला लई कसंतरी होऊन राहिलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. माझी सगळ्यात शेवटी वळली, कारण ती वळायलाच तयार नव्हती.

ती पोरगी उठली. टोपी काढली. म्हणाली, "बालाजीमामा, पंक्चर लवकर निघालं. अन् फेटा लई छान दिसून राहिला तुम्हाला."

तुम्ही कधी शेडच्या मधोमध उभं राहून, आपण केळीचा खांब झालो तर बरं, असं मनापासून वाटून घेतलंय? मी घेतलंय. डोक्यात एकेक वाक्य परत येत होतं. केळीवर राग हाय का तुझा. तोंडावरून शोभतंय तुला. गच्चीचं नावच काढायचं न्हाई. म्हणजे ज्या बाईपासून लपवायचं, तिलाच बसवून मी सगळं सांगितलं होतं. वर तिलाच खोटं बोलायला शिकवलं होतं. आणि ती ते इमानदारीनं बोललीही होती.

आई पदर तोंडाला लावून आत गेली ती तेव्हाच.

"मॅडम," मी म्हटलं, "बसा ना." खुर्चीत तर बालाजीराव.

कदम मॅडमनी एक रिकामा क्रेट उपडा केला आणि त्यावर बसल्या. माझ्यापेक्षा लहानच असतील वयानं. "ताई, मी मूळची किल्लारीची," त्या म्हणाल्या. "अन् तुमचा व्हिडिओ मी निवडला होता. त्यातलं एक वाक्य मला लई आवडलं होतं. बघणाऱ्याच्या डोळ्यांचं."

मी जमिनीकडं बघत होते. जमीन स्वच्छ धुतलेली होती, लपायला कुठं जागा नव्हती.

"मलाबी सगळीकडं हेच विचारतेत," त्या म्हणाल्या. "साहेब कधी येणार म्हणून. वाटलं होतं, निदान तुमच्या दारात तरी कुणी विचारणार न्हाई."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हे इतकं हळू बोलल्या की मला खरंच रडू आलं. मी सगळ्यांसमोर रडले. म्हटलं, "मॅडम, चुकलं माझं. दुसरं काय म्हणू?"

"आधी गच्ची दाखवा," त्या म्हणाल्या.

गच्चीवर जाऊन मी माझ्या हातानं गोधड्या काढल्या, ताडपत्री काढली. त्यांनी केळीची एक वाळलेली चकती मोडून बघितली, तोंडात टाकली, जाळीचं कापड उचलून बघितलं. मी खाली मान घालून सगळं खरं सांगितलं, व्होल्टेजपासून हळदीपर्यंत. ऐकून म्हणाल्या, "ड्रायर कमी पडतोय, हेच तर मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. पुरत असता तर पैसा कशाला दिला असता आम्ही? लातूरला खरं सांगितलं असतं तर आज एवढा सत्कार वाचला असता."

त्या 'हो' लिहिणार होत्या. अट एकच. संस्थेच्या लोकांना गच्चीचं मी स्वतः सांगायचं, स्वतःच्या तोंडानं. मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि सांगून टाकलं. जाताना बालाजीराव फेटा काढून देऊ लागले, तात्यांनी तो परत घेतला नाही. उलट म्हणाले, "डीपीचं बघा तेवढं." शेडचं मात्र त्यांनी नंतर कबूल केलं. हळद यंदा ओसरीत ठेवतो, म्हणाले.

इथं संपलं असतं तर मी अब्रूनं सुटले असते. पण संध्याकाळी दार वाजलं.

बघते तर एक तरुण पोरगी, हातात पिशवी, नवाकोरा ड्रेस. आता मी सकाळची राहिले होते का? अद्दल घडली होती. मला वाटलं, संस्थेनं खात्री करायला दुसऱ्या मॅडम पाठवल्या. मी तिला आत आणलं, टॉवेल टाकलेल्या खुर्चीत बसवलं. ती "नको, मी खाली बसते" म्हणाली. यावेळी तर मी मुळीच ऐकलं नाही. आईला चहा टाकायला सांगितला आणि हात जोडून तिच्यापुढं उभी राहिले.

"मॅडम, आधीच सांगते. ड्रायर दुपारी बंद पडतो. अर्धा माल गच्चीवर वाळतो. आज कामाला बाया न्हाईत. काय लपवणार न्हाई मी आता."

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसून माझ्याकडं बघत होती. चहा आला, तिनं दोन घोटांत संपवला. मग पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "ताई, मला मुरुडच्या मावशीनं धाडलंय. कामाला."

स्वयंपाकघरातून परत काहीतरी आवाज आला. यावेळी आई हसतच होती, एवढं नक्की कळलं.

मी म्हटलं, "बरं झालं आलीस. उद्यापासून लाग कामाला."

तिनं मान डोलावली. मग उठून माझ्या खांद्यावरून आत डोकावून, एकदम आदरानं विचारलं, "ते खरं हाय ताई, पण मालक कवा येतेत?"

आता तुम्हीच सांगा, त्या दिवशी मी कुठल्या तोंडानं तिला काही बोलणार होते?